पाळ कुणी बांधायची? समाजविकास आणि लोकप्रशासनाच्या अभ्यासाची गोष्ट



धानाचा रोवणा आटोपत आला, की आपल्या भागात घरोघरी पोरींच्या प्रवेशाची चर्चा सुरू होते. बी.ए. झालं, आता पुढे काय? कुणी बी.एड. म्हणतं, कुणी नर्सिंग, कुणी लग्न. अशा वेळी एखादी म्हणाली, की मला समाजविकास आणि लोकप्रशासन या विषयात एम.ए. करायचं आहे, तर घरातली माणसं एकमेकांकडे पाहतात. हा विषय नेमका काय? त्यातून कोणती नोकरी मिळते? आणि बाईमाणसाला त्याचं काय काम?

आम्ही काही बायका हा अभ्यास करतो आहोत. आमच्यातली कुणी अंगणवाडीत काम करते, कुणी बचत गटाचे हिशेब लिहिते, कुणी घर आणि शेत सांभाळून रात्री पुस्तक उघडते. हे प्रश्न आम्हालाही विचारले गेले. त्यांची उत्तरं शोधताना आम्हाला या विषयाचा इतिहास सापडला. तो वाचताना कळलं, की या अभ्यासाचे बरेच धागे आपल्या मातीतून, आपल्या भंडारा जिल्ह्यातून आणि नागपुरातून गेले आहेत. आजच्या भाषणात तीच गोष्ट सांगायची आहे.

पदवीच्या नावात दोन शब्द आहेत, आणि दोघांची मुळं वेगवेगळी आहेत. लोकप्रशासन म्हणजे सरकारी कारभार कसा चालतो, कसा चालायला हवा, त्याचा अभ्यास. समाजविकास म्हणजे माणसांचं जगणं कसं सुधारतं, त्याचा अभ्यास. एक विषय कचेरीतून आला, दुसरा दवाखान्यातून आणि वस्तीतून.

आधी कचेरीकडचं मूळ पाहू. अमेरिकेत वुड्रो विल्सन नावाच्या प्राध्यापकाने १८८७ साली एक निबंध लिहिला. राज्य कुणी करायचं याची चर्चा पुष्कळ झाली, आता कारभार नीट कसा करायचा याचाही शास्त्रासारखा अभ्यास व्हावा, असा त्याचा मुद्दा होता. पुढे तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. लोकप्रशासन हा स्वतंत्र विषय तिथून सुरू झाला, असं आमच्या पुस्तकांत पहिल्याच धड्यात असतं.

पण आपल्यासाठी जवळचं नाव दुसरं आहे. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. तिथे १९१५ साली त्यांनी एम.ए.साठी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय होता ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची वित्तव्यवस्था. कंपनी कर कसा गोळा करत होती, तो कुठे खर्च करत होती, आणि त्यातून इथल्या माणसाच्या पदरात काय पडत होतं, याचा हिशेब त्यांनी मांडला. आज आपण ज्याला लोकप्रशासनाचा अभ्यास म्हणतो, तो हाच. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, ज्या समाजाला कचेरीच्या पायरीवरही उभं राहू दिलं जात नव्हतं, त्या समाजातल्या एका विद्यार्थ्याने हा विषय निवडला होता. कारभाराचा अभ्यास कुणासाठी असतो, याचं उत्तर आम्हाला त्यातच दिसतं. ज्याला कारभाराचा फटका बसतो, त्यालाच तो समजून घेण्याची गरज सगळ्यात जास्त असते.

बाबासाहेबांचा आणि आपल्या जिल्ह्याचा संबंध जुन्या माणसांना आठवत असेल. १९५४ साली भंडारा मतदारसंघात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. बाबासाहेब उभे होते. ते हरले. त्या काळी इथून दोन खासदार निवडले जात, एक सर्वसाधारण जागेवर आणि एक राखीव जागेवर. त्याच पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता निवडून आले.

हे नाव लक्षात ठेवा. कारण लोकप्रशासनाच्या कुठल्याही विद्यार्थिनीला परीक्षेत अशोक मेहता समितीवर प्रश्न येतोच. १९७७ साली केंद्र सरकारने पंचायत राज्याचा विचार करायला समिती नेमली, तिचे हे अध्यक्ष. १९७८ साली समितीचा अहवाल आला. आधीच्या बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली गाव, तालुका आणि जिल्हा अशी तीन पातळ्यांची रचना सुचवली होती. अशोक मेहता समितीने दोनच पातळ्या सांगितल्या, जिल्हा परिषद आणि काही गावं मिळून मंडल पंचायत. राज्याच्या खालोखाल खरा अधिकार जिल्ह्याला द्या, असं तिचं म्हणणं होतं. ज्या माणसाला पहिल्यांदा लोकसभेत पाठवलं ते आपल्या भंडाऱ्याच्या मतदारांनी, त्याचं नाव आज देशभरच्या विद्यार्थ्यांना पाठ करावं लागतं. आमच्या अभ्यासगटात ही गोष्ट निघाली, तेव्हा पाठांतराचा तो धडा एकदम आपला वाटू लागला.

आता नागपूरकडे वळू. १९५६पर्यंत भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रांतात होता. आधी त्याला मध्य प्रांत आणि वऱ्हाड म्हणत, १९५० नंतर मध्य प्रदेश. राजधानी नागपूरला. त्या सरकारने १९४८ साली एक मोठा प्रयोग केला, त्याचं नाव जनपद योजना. पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने ती आली. कल्पना अशी, की प्रत्येक तहसिलीसाठी एक जनपद सभा असावी, तिथे लोकांनी निवडलेली माणसं बसावीत, आणि शाळा, रस्ते, दवाखाने यांसारखी कामं कलेक्टर कचेरीकडून तिच्याकडे यावीत. त्या वेळी आपल्या जिल्ह्यात भंडारा, गोंदिया आणि साकोली अशा तीन तहसिली होत्या. देशात इतरत्र पंचायत राज्य हा शब्दही रुळायचा होता, तेव्हा इथे तहसिलीच्या कारभारात लोकांचा हात असावा, असा कायदा झाला होता. पैसा अपुरा होता, अधिकारी सहजासहजी अधिकार सोडत नव्हते, म्हणून योजना अपेक्षेइतकी फळली नाही. पण पुढे आलेल्या व्यवस्थेला तिने धडे दिले.

याच सुमारास, १९४९-५० साली, नागपूर विद्यापीठात लोकप्रशासन आणि स्थानिक स्वराज्य या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला. प्रा. एम. पी. शर्मा त्याचे प्रमुख होते. असा पूर्ण विभाग काढणारं हे देशातलं पहिलं विद्यापीठ. मुंबई नाही, दिल्ली नाही, आपलं नागपूर. विभागाच्या नावातच स्थानिक स्वराज्य होतं, हे विशेष. बाहेर तहसिलीत जनपद सभा भरत होत्या आणि आत वर्गात त्यांचा अभ्यास चालू होता. आज भंडारा, गोंदिया, वर्धा आणि नागपूर या चार जिल्ह्यांची महाविद्यालयं याच विद्यापीठाखाली येतात. म्हणजे भंडाऱ्याची एखादी मुलगी लोकप्रशासनात एम.ए. करते, तेव्हा ती काही परका विषय उचलत नाही. ती आपल्याच घरच्या विहिरीवर पाणी भरते आहे.

१९६० साली महाराष्ट्र झाला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ साली जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा आला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जनपद सभा गेल्या. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि आपल्याकडे भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर हे सात तालुके राहिले.

आता दुसऱ्या मुळाकडे जाऊ, समाजविकासाकडे. हे मूळ मुख्यतः बायकांच्या कामातून वाढलं. लहान वयात वैधव्य आलेल्या कमलाताई होस्पेट यांनी नर्सचं शिक्षण घेतलं आणि वेणूताई नेने यांना सोबत घेऊन १९२१ साली नागपुरात मातृसेवा संघ काढला. बाळंतपणात बाया मरत होत्या, सुईणीला शिक्षण नव्हतं, दवाखान्यात जायला लोक तयार नव्हते. त्या काळात त्यांनी सूतिकागृह उभं केलं. पुढे त्यांच्या ध्यानात आलं, की नुसतं बाळंतपण करून भागत नाही. बाई घरी गेल्यावर तिला खायला काय मिळतं, नवरा दारू पितो का, मूल का दगावतं, हेही पाहावं लागतं. त्यासाठी शिकलेली माणसं हवीत. म्हणून १९५८ साली याच संस्थेने नागपुरात समाजकार्याचं महाविद्यालय सुरू केलं. मुंबईला सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय १९३६ सालीच सुरू झालं होतं. तेच आजचं टाटा समाजविज्ञान संस्थान. आपल्या विदर्भात मात्र हा अभ्यास एका सूतिकागृहाच्या अंगणातून आला.

याच काळात तिसरीही एक शाळा होती, जिला फी नव्हती आणि परीक्षा नव्हती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता १९५५ साली लोकांपुढे आली. गाव स्वच्छ कसं ठेवावं, भांडणं गावातच कशी मिटवावीत, बाईला शिक्षण का द्यावं, गावाचा पैसा गावासाठी कसा वापरावा, हे सगळं त्यात आहे. आपल्या आजी-आजोबांनी गावविकासाचा अभ्यासक्रम सामुदायिक प्रार्थनेला बसून ऐकला. २००५ साली नागपूर विद्यापीठाला त्यांचंच नाव दिलं गेलं.

अशी ही दोन मुळं. पण ती एकत्र का यायला हवीत? यासाठी आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ, मामा तलावांचं.

मामा म्हणजे माजी मालगुजारी. आपला जिल्हा तलावांचा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी उताराची जमीन हेरून मातीच्या पाळी घातल्या, सांडवे काढले, आणि खाली धानाच्या बांध्या भिजवल्या. पुढे इंग्रजी अमलात गावाचा मालगुजार तलावाचा मालक झाला. तरी पाणी घेण्याचे, मासे धरण्याचे, गुरं पाजण्याचे गावाचे हक्क वाजिब-उल-अर्ज या गावकागदात लिहिलेले असत. पाळ फुटली तर कुणी माती टाकायची, हेही ठरलेलं असे.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ पासून तलाव सरकारचे झाले. जमीनदारी जाणं न्यायाचंच होतं. पण एक प्रश्न मागे राहिला. आता पाळ कुणी बांधायची? मालगुजार गेला. गाव म्हणे, तलाव सरकारचा. सरकार म्हणे, पाणी तुम्ही वापरता. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे गेला, पाणी शेतकऱ्याकडे आणि तलावातली गाळपेराची जमीन ज्याच्या हाती लागेल त्याच्याकडे. एका तलावाचे चार मालक, आणि पाळीला मालक नाही. गाळ साचत गेला, बेशरमाची झुडपं माजली, मासा कमी झाला.

कचेरीतला माणूस या तलावाकडे पाहतो, तेव्हा त्याला किती हेक्टर सिंचन, किती लाखांचं अंदाजपत्रक, हे दिसतं. तलावाकाठच्या ढिवर वस्तीतली बाई पाहते, तेव्हा तिला दिसतं, की कोणती पाणवनस्पती गेली म्हणून कोणता मासा अंडी घालेनासा झाला, आणि पाणी कधी सोडलं म्हणजे पिल्लं वाहून जातात. दोन्ही ज्ञान खरं आहे. पण एकाची फाईल होते आणि दुसऱ्याची होत नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाबरोबर बसून तलावांचं हे ज्ञान गोळा केलं आणि तलावांत देशी वनस्पती पुन्हा लावण्याचं काम केलं, ते यासाठी महत्त्वाचं. समाजविकास आणि लोकप्रशासन एकत्र शिकायचं ते याचसाठी. ढिवर बाईचं म्हणणं अंदाजपत्रकाच्या भाषेत लिहिता आलं पाहिजे, आणि अंदाजपत्रक तिला तिच्या भाषेत सांगता आलं पाहिजे.

कुणी म्हणेल, तलाव ठीक, पण कारभार हा बाईचा विषय नाही. मैत्रिणींनो, ९ जानेवारी २०२१ ची पहाट आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. चौकशी झाली, राज्यभर रुग्णालयांची आगीच्या दृष्टीने तपासणी करण्याचे आदेश निघाले. आग विझवण्याची यंत्रणा, तपासणीची तारीख, कुणी सही करायची, पैसा कोणत्या शीर्षाखाली येणार, हे सगळे रुक्ष वाटणारे शब्द आहेत. पण त्या रुक्ष शब्दांच्या मागे कुणाची तरी कूस असते. कारभाराचा विषय बाईचा नाही, असं त्या आयांसमोर कुणी म्हणून दाखवावं.

कारभारात बाईला जागा मिळाली, तीही सहज नाही. १९५१ च्या तुकडीतल्या अण्णा राजम मल्होत्रा या भारतीय प्रशासकीय सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी. त्यांच्या नेमणुकीच्या पत्रात अट होती, की लग्न केलं तर नोकरी जाऊ शकते. ती अट नंतर गेली. त्याच बाईंनी पुढे मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदराच्या उभारणीची जबाबदारी सांभाळली. परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मा यांना बढती नाकारली गेली, तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ साली न्यायालयाने लग्नावरून बाईला अडवणाऱ्या नियमांवर कडक ताशेरे ओढले.

गावपातळीवर महाराष्ट्राने १९९० साली स्थानिक संस्थांत बायकांना ३० टक्के जागा दिल्या. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली आणि एक तृतीयांश जागा घटनेनेच राखल्या. २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. आज आपल्या आसपास कितीतरी बायका सरपंच आहेत. पण काही ठिकाणी खुर्ची बाईची आणि सही करण्याआधीचा विचार नवऱ्याचा, हेही आपण पाहतो. त्याला उत्तर एकच. बाईला कागद वाचता आला पाहिजे. रोजगार हमीचा मस्टर, वित्त आयोगाचा आराखडा, घरकुलाची यादी. ही अक्षरं कळणाऱ्या बाईला बाजूला सारणं कठीण जातं.

आम्ही असं मुळीच म्हणत नाही, की सरपंच व्हायला एम.ए. लागते. ज्या बाईने विड्या वळून लेकरं शिकवली, तिला हिशेब आणि न्याय दोन्ही कळतात. लोकशाहीत मत मागायला पदवीची अट नसावी, असंच आम्हाला वाटतं. पण त्या बाईच्या शेजारी बसून कागद समजावून सांगणारी, तिच्या विश्वासातली एखादी शिकलेली लेक किंवा सून गावात असावी. हा अभ्यास त्यासाठी आहे.

आता व्यवहाराचं बोलू, कारण घरातून तोच प्रश्न येतो. पूर्वी या विषयात एम.ए. करायचं तर नागपूरला खोली करून राहावं लागे. किती मुलींना घरून ते जमणार? १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघालं आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. त्यामुळे लोकप्रशासन, ग्रामीण विकास, समाजकार्य हे विषय घरी राहून शिकता येऊ लागले. रोवण्याच्या दिवसांत पुस्तक बंद, कापणी झाल्यावर पुन्हा सुरू, असं आमच्यातल्या कित्येकींनी केलं आहे.

फॉर्म भरण्याआधी तीन गोष्टी पाहा. पहिली, पदवीचं नाव नीट वाचा. काही जागांसाठी जाहिरातीत एम.एस.डब्ल्यू. ही समाजकार्याचीच पदवी मागितलेली असते, तिथे लोकप्रशासनाची एम.ए. चालेलच असं नाही. दुसरी, विद्यापीठाला आणि त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, ते तपासा. तिसरी, लोकसेवा आयोगाच्या बहुतेक परीक्षांना साधी पदवी पुरते. म्हणून एम.ए. झाली म्हणजे साहेबीण झाली, असं स्वप्न कुणी दाखवत असेल तर त्यावर पैसे घालू नका. ही पदवी उमेदसारख्या अभियानात, सामाजिक संस्थांत, प्रशिक्षणाच्या कामात उपयोगी पडते, आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासालाही हातभार लावते. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कल्याण निधीतून शिष्यवृत्तीची योजना आहे, तुमसर-मोहाडीकडच्या मैत्रिणींनी तिची चौकशी जरूर करावी.

आणि नोकरी मिळेपर्यंत हे ज्ञान पेटीत ठेवायचं नाही. आपल्या हातात माहितीचा अधिकार आहे. केंद्राचा कायदा २००५ चा, पण महाराष्ट्राने आपला कायदा त्याच्याही आधी, २००२ साली केला होता. २०१५ पासून राज्यात लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा हे ठरलेलं आहे. आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद ग्रामपंचायत कायद्यातच आहे.

तेव्हा येत्या ग्रामसभेआधी एवढं करा. दोघी-तिघी मिळून ग्रामपंचायतीत जा, महिला सभा कोणत्या दिवशी आहे ते विचारा, आणि मागच्या सभेचं इतिवृत्त मागून वाचा. त्यात आपल्या तलावाच्या पाळीचा विषय आहे का, अंगणवाडीच्या पाण्याचा आहे का, ते पाहा. नसेल तर लिहून द्या आणि पोच घ्या. शिकलेल्या लेकीला सोबत न्या. तिच्या अभ्यासाचा पहिला धडा तिथेच होईल, आणि तो शिकवणाऱ्या तुम्ही असाल.